लेपर्ड गेकोचा उजेड आणि त्याचे खाद्य

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी पाळल्या जाणाऱ्या विदेशी प्राण्यांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात लेपर्ड गेको या ठिपकेदार पालीविषयी दोन विधाने होती. पहिले असे की, हा प्राणी निशाचर असल्यामुळे त्याला कोणत्याही दिव्याची गरज नसते. आणि दुसरे असे की, आठवड्यातून दोन-तीन वेळा त्याच्यापुढे किडे टाकले की त्याचे भागते. लेखकाने ही विधाने पदरची केलेली नसावीत, कारण पाळीव प्राण्यांच्या दुकानांतही गिऱ्हाइकाला बहुधा हेच सांगितले जाते. तरीही ती छापील स्वरूपात एवढ्या घरांत पोहोचली आहेत, म्हणून त्यांची दुरुस्ती तितक्याच ठळकपणे व्हावी अशी माझी विनंती आहे. पुण्यात लहान प्राण्यांचा दवाखाना चालवताना माझ्याकडे जे लेपर्ड गेको आणले जातात, त्यांतल्या अनेकांचे दुखणे याच दोन समजुतींतून आलेले असते. खालचा जबडा बोटाने दाबला तर लवतो, पुढचे पाय कोपरात वाकलेले असतात, आणि एरवी पोट उचलून चालणारा हा प्राणी जमिनीवर सरपटत असतो. त्यांना घेऊन येणारी माणसे निष्काळजी नसतात. त्यांनी सांगितले तसेच केलेले असते. उजेड आणि खाद्य यांचा विचार एकत्रच करावा लागतो, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. खाद्यातले कॅल्शियम हाडात उतरण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी प्रकाश लागतो, म्हणून यांतली एक बाजू सोडून दुसरी कितीही सांभाळली तरी हिशेब जुळत नाही.

दुकानात मिळणारा लेपर्ड गेको हा शास्त्रीय भाषेत युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. एडवर्ड ब्लिथ याने १८५४ मध्ये त्याचे वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला खडकाळ, कोरडा, झुडपी मुलूख हे त्याचे मूळ घर. भिंतीवरच्या पालीसारखी चिकट बोटे त्याला नसतात, आणि बहुतेक पालींना नसणाऱ्या हलत्या पापण्या त्याला असतात. त्याचे जवळचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत: पश्चिम भारतात, म्हणजे गुजरात आणि महाराष्ट्राच्या माळरानांत, युब्लेफॅरिस फस्कस ही जाती आढळते, आणि सातपुड्यातल्या एका जातीचे वर्णन झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केले. या रानातल्या पाली विषारी नाहीत. त्यांना मारू नये, आणि दुकानातला गेको महाग पडतो म्हणून पकडून घरीही आणू नये. पाळीव म्हणून विकले जाणारे गेको पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त अवस्थेत जन्मलेले असतात, आणि माझे हे पत्र फक्त त्यांच्यासाठी आहे.

आता ‘निशाचर’ या समजुतीकडे वळते. हा प्राणी मुख्यतः संध्याकाळच्या आणि पहाटेच्या संधिप्रकाशात वावरतो. भर दुपारी तो उघड्यावर येत नाही हे खरे, पण दिवसभर तो ज्या कपारीत किंवा दगडाखाली असतो तिथे मिट्ट काळोख असतो असे नाही. कपारीच्या तोंडातून परावर्तित उजेड आत येतो, माथ्यावरचा दगड तापतो, आणि गेको कधी शेपटी, कधी पाठीचा थोडा भाग उजेडात ठेवून बसतो. त्याची त्वचा दिवसभर उन्हात बसणाऱ्या सरड्याच्या मानाने पातळ असते आणि अतिनील किरणांच्या अगदी थोड्या मात्रेचाही ती उपयोग करून घेते. म्हणजे त्याला कमी उजेड लागतो. ‘कमी’ या शब्दाचा ‘मुळीच नाही’ असा अर्थ लावल्यामुळे हा सगळा घोटाळा झाला आहे.

त्वचेत नेमके काय घडते हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढच्या सूचना केवळ नियमांच्या यादीसारख्या वाटतील. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, ज्यांना पाळणारे लोक यूव्हीबी म्हणतात, त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसदृश घटकावर पडले की ड-३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. त्या पूर्वरूपाचे ड-३ मध्ये रूपांतर शरीराच्या उष्णतेने होते, म्हणून थंड पडलेल्या गेकोला नुसता दिवा पुरत नाही. नंतर यकृत आणि मूत्रपिंड यांत त्याच्यावर आणखी दोन संस्कार होतात, आणि त्यातून जे संप्रेरक बनते ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. ही साखळी तुटली की शरीर रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी हाडांतूनच कॅल्शियम काढू लागते. लहान मुलांच्या मुडदुसाशी या विकाराचे जवळचे नाते आहे. त्याची सुरुवात जबड्यात आणि पायांत दिसते, पुढे स्नायू थरथरतात, पाठीला बाक येतो, मादीची अंडी अडकतात, आणि अखेरीस खाणे थांबते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. परदेशांतल्या, विशेषतः अमेरिकेतल्या, पैदासकारांनी अनेक दशके यूव्हीबी दिव्याशिवाय, केवळ ड-३ असलेली भुकटी किड्यांना लावून, लेपर्ड गेको वाढवले आणि त्यांची प्रजा वाढवली. हे घडले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण अशा पद्धतीत मात्रा ठरवणारा माणूस असतो, आणि किड्याच्या अंगाला किती भुकटी चिकटली, त्यातली किती झडली, किती पोटात गेली, हे त्याला कधीच नेमके कळत नाही. कमी पडली तर हाडे मऊ होतात. ड-३ जास्त झाले तर मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे थर साचतात. त्वचेत तयार होणाऱ्या ड-३ ला मात्र स्वतःचा आवर असतो, कारण गरजेपुरते झाल्यावर जादा पूर्वरूपाचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर होते. शिवाय गेको स्वतः उजेडात येतो आणि स्वतः सावलीत जातो. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लेपर्ड गेकोंना दिवसाला केवळ दोन तास यूव्हीबी दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी तो प्रकाश न मिळालेल्या गेकोंपेक्षा स्पष्टपणे वाढलेली आढळली. म्हणून माझे मत असे की, दिव्याशिवाय गेको जगवता येतो म्हणून दिवा टाळावा, हा युक्तिवाद आज टिकणारा नाही.

मात्रा मोजण्यासाठी अतिनील निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, वापरतात. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्त वावरणारे सरडे आणि साप स्वेच्छेने किती अतिनील प्रकाशात राहतात हे मोजून २०१० मध्ये चार पट्टे सुचवले. त्यांतल्या सर्वांत सौम्य, म्हणजे पहिल्या पट्ट्यात लेपर्ड गेकोची गणना केली जाते. ऊब घेण्याच्या जागी, गेकोच्या पाठीच्या उंचीवर, निर्देशांक साधारण ०.५ ते १ असावा आणि गेकोला ठेवतात त्या काचपेटीच्या दुसऱ्या टोकाला तो शून्यावर यावा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हाच निर्देशांक ११ च्याही वर जातो, यावरून गेकोची गरज किती माफक आहे हे लक्षात येईल. मोजण्याचे उपकरण महाग असते आणि प्रत्येकाने ते घ्यावे असे मी म्हणणार नाही. पण काही मित्रांनी मिळून एक घेतले तर उत्तम, आणि नाहीतर दिव्याच्या खोक्यावरचा अंतराचा तक्ता तरी नीट वाचावा.

दिवा निवडताना सावलीत राहणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली कमी तीव्रतेची लांब यूव्हीबी नळी घ्यावी. वाळवंटातल्या, दिवसा उन्हात बसणाऱ्या सरड्यांसाठी असलेली तीव्र नळी या प्राण्याला नको. ती काचपेटीच्या साधारण अर्ध्या लांबीवर, उष्णतेच्या दिव्याच्याच बाजूला बसवावी, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतात आणि उरलेला अर्धा भाग सावलीचा राहतो. नळी आणि प्राणी यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नये, कारण साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. वरची बारीक जाळीसुद्धा त्याचा मोठा हिस्सा, कधी एक तृतीयांशाहून अधिक, खाऊन टाकते. याच कारणाने काचपेटी खिडकीशी ठेवून भागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी नसते, उष्णता मात्र असते, आणि पेटीतला गेको त्या उष्णतेने अर्ध्या तासात मरू शकतो. नळीचा दृश्य उजेड वर्षानुवर्षे टिकतो, पण यूव्हीबी हळूहळू घटत जाते, म्हणून बसवल्याची तारीख नळीच्या टोकावर मार्करने लिहावी आणि साधारण वर्षाने ती बदलावी. हे एक काम बहुतेक घरांत राहून जाते. दिवा रोज लागतो, सारे काही ठीक दिसते, आणि दीड-दोन वर्षांनी पाय वाकू लागतात.

इथे एका धोक्याचा उल्लेख केलाच पाहिजे. ‘यूव्ही दिवा’ एवढेच शब्द धरून लोक बाजारात जातात आणि भलतेच काही घेऊन येतात. डास-माश्या पकडण्याच्या यंत्रातल्या निळसर दिव्यातून यूव्हीए, म्हणजे वेगळ्या तरंगलांबीचे अतिनील किरण, निघते, त्याने ड-३ तयार होत नाही. पाणी शुद्ध करण्यासाठी आणि कोविडच्या काळात खोल्या निर्जंतुक करण्यासाठी जे दिवे घरोघरी आले, ते २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे यूव्हीसी सोडतात. त्यांनी गेकोचे डोळे आणि त्वचा भाजते, आणि घरातल्या माणसांचीही. असा दिवा कोणत्याही सजीवावर सोडू नये.

फिकट, गुलाबी डोळ्यांच्या अल्बिनो वाणांना तेजाचा त्रास होतो. त्यांच्यासाठी अंतर वाढवावे, नळीचा काळ कमी करावा आणि लपण्याच्या जागा वाढवाव्यात. लपण्याच्या जागा सगळ्याच गेकोंना किमान तीन हव्यात: एक उबदार, एक गार आणि एक ओलसर. ओलसर जागेत नारळाचा भुसा दमट ठेवला की कात सहज निघते, नाहीतर ती बोटांवर दोऱ्यासारखी आवळून बसते आणि बोटे गळून पडतात. दिवसाचा उजेड उन्हाळ्यात तेरा-चौदा तास आणि हिवाळ्यात दहा-अकरा तास असावा, आणि तो टायमरवर सोपवावा, कारण आपले झोपणे-उठणे अनियमित असते.

रात्री मात्र पूर्ण अंधार हवा. लाल किंवा निळा ‘नाइट बल्ब’ गेकोला दिसत नाही असे सांगून विकला जातो. रात्री वावरणाऱ्या पालींच्या डोळ्यांवर झालेले संशोधन वेगळे सांगते: अल्मुट केल्बर आणि लीना रॉथ यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, हेल्मेट गेको ही दुसरी एक निशाचर पाल, माणसाला सारे करडे दिसते अशा मंद चांदण्यातही रंग ओळखते. इतक्या संवेदनशील डोळ्यांसमोर रात्रभर रंगीत दिवा लावणे मला क्रूर वाटते. रात्री उष्णतेची गरज असेलच तर उजेड न देणारा सिरॅमिक तापक वापरावा.

उष्णतेविषयी परदेशी सूचना जशाच्या तशा उचलल्यामुळे आपल्याकडे वेगळेच प्रश्न निर्माण होतात. ऊब घेण्याच्या जागेचा पृष्ठभाग साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस आणि गार बाजू २४ ते २६ अंश असावी, हे आकडे सर्वत्र सारखेच. पण ते गाठण्याचे मार्ग लंडनमध्ये आणि नागपुरात सारखे असू शकत नाहीत. विदर्भात मे महिन्यात खोलीचेच तापमान ३८ अंशांवर जाते. तिथे गेकोला तापकाची गरज नसते, गार कोपऱ्याची असते, आणि उष्णतेचा दिवा बंद ठेवून केवळ यूव्हीबी नळी चालू ठेवावी लागते, कारण ती फारशी तापत नाही. उलट नाशिककडे किंवा घाटमाथ्यावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे जो गारठा पडतो, त्यात पोटातले किडे पचत नाहीत आणि आतच कुजू लागतात. दिव्याखाली शहाबादी फरशीचा एक सपाट तुकडा ठेवावा. तो दिवसभर तापतो, दिवा मालवल्यावरही ऊब धरून राहतो, आणि वीज गेली तर तासभराचा आधार होतो. प्रत्येक तापकाला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप मर्यादेत ठेवणारे यंत्र, हवाच. विजेवर तापणारे नकली दगड वापरूच नयेत, त्यांनी पोटाची कातडी भाजल्याच्या जखमा मी पाहिल्या आहेत.

आता खाद्य. लेपर्ड गेको पूर्णपणे कीटकभक्षी आहे. अनेक घरांत त्याला पपई, केळे, उकडलेले अंडे, पनीर, दूधभात असे काहीबाही दिले जाते. कधी हे मायेपोटी होते, तर कधी जिवंत किडे घरात आणणे मनाला पटत नाही म्हणून. माझ्या घरीही मांसाहार होत नाही, त्यामुळे ही अडचण मी समजू शकते. परंतु या प्राण्याचे दात, आतडे आणि शिकारीची प्रवृत्ती किड्यांसाठीच घडलेली आहे, आणि आपल्या आहाराचे नियम त्याच्यावर लादणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय. ज्या कुटुंबाला फ्रिजशेजारी रातकिड्यांचा डबा ठेवणे जमणार नाही, त्याने लेपर्ड गेको आणू नये. चांगल्या निगेत तो १५ ते २० वर्षे जगतो. तेवढी वर्षे हा डबा घरात राहणार आहे, हे आणण्यापूर्वीच घरातल्या सगळ्यांनी मान्य केलेले बरे.

किड्यांची मूळ अडचण अशी की, त्यांना हाडे नसतात. त्यांच्या शरीरात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. गेकोच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट असायला हवे, पण रातकिड्यात हे प्रमाण साधारण सातास एक असे उलटे असते, आणि मीलवर्म नावाने मिळणाऱ्या पिवळ्या अळीत तर त्याहून दुप्पट वाईट. फॉस्फरस जास्त झाला की तो उपलब्ध कॅल्शियमलाही बांधून ठेवतो. म्हणजे केवळ मीलवर्मवर वाढवलेले पिल्लू पोटभर खात असते, शेपटी जाडजूड दिसत असते, आणि तरीही त्याची हाडे आतून रिकामी होत असतात. जाड शेपटी चरबीचा साठा दाखवते, हाडांविषयी ती काही सांगत नाही. सहज मिळणाऱ्या खाद्यकिड्यांत कॅल्शियमची बाजू जड असणारा एकच आहे, तो म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी. ओला कचरा जिरवण्यासाठी हीच अळी आपल्याकडे अनेक ठिकाणी वाढवली जाते. कचऱ्यावर वाढलेली अळी मात्र गेकोला देऊ नये. स्वच्छ खाद्यावर वाढवलेलीच घ्यावी.

म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात, आणि त्या दोन्ही कराव्या लागतात. पहिली म्हणजे किड्यांना आधी पोसणे. दुकानातून आणलेला रातकिडा बहुधा उपाशी असतो, आणि रिकाम्या पोटाचा किडा म्हणजे नुसते कायटिनचे, म्हणजे त्याच्या कडक बाह्यकवचाचे, टरफल. त्याला गेकोपुढे टाकण्यापूर्वी किमान एक-दोन दिवस चांगले खाऊ घालावे. शेवग्याचा पाला कॅल्शियमने समृद्ध आहे आणि तो आपल्याकडे कुठेही मिळतो. गाजर आणि लाल भोपळा यांतून पाणी आणि कॅरोटिन मिळते. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांना देतात त्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असल्यामुळे तेही उपयोगी पडते. ज्या गव्हाच्या कोंड्यात मीलवर्म ठेवलेले असतात, तो कोंडा फॉस्फरसने भरलेला असतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. पालकात ऑक्सॅलेट असते, जे कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून तो टाळावा.

दुसरी गोष्ट म्हणजे किड्यांना कॅल्शियमची भुकटी लावणे. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची, फॉस्फरस नसलेली, अगदी बारीक भुकटी हवी. आयात केलेली डबी परवडत नसेल, तर औषधी दुकानातला समुद्रफेस किंवा स्वच्छ उकळून वाळवलेली अंड्याची टरफले पिठासारखी दळून वापरता येतात, कारण दोन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असते. विड्याच्या पानाला लावतात तो चुना मात्र कधीही वापरू नये. तो दाहक असतो आणि त्याने तोंड व अन्ननलिका भाजते. माणसांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नयेत, कारण त्यांतले ड-३ माणसाच्या वजनाच्या हिशेबाने असते आणि प्रौढ गेकोचे वजन ४५ ते ८० ग्रॅम इतकेच भरते. भुकटी लावलेला किडा लगेच खाल्ला गेला पाहिजे. रातकिडा स्वतःचे अंग साफ करतो, आणि काही तासांत त्याच्यावर काहीच उरत नाही. रात्रभर पेटीत सोडून दिलेले रातकिडे झोपलेल्या गेकोला चावतात, तेव्हा उरलेले काढून घ्यावेत.

यूव्हीबी नळी योग्य असेल तर बहुतेक वेळा ड-३ नसलेले साधे कॅल्शियम पुरते, आणि ड-३ असलेली भुकटी महिन्यातून एक-दोनदाच वापरावी. नळी नसेल, तर तीच भुकटी अधिक वेळा आणि पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणातच द्यावी लागते. दिवा बदलला की भुकटीचे प्रमाणही बदलते, हे लक्षात ठेवावे. पूर्वीची भुकटी तशीच चालू ठेवून वर तीव्र दिवा लावणारेही आहेत. बहुजीवनसत्त्वी भुकटी आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा पुरे. तिच्यातले ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर पापण्या सुजतात आणि डोळ्यांत कातीचे तुकडे अडकतात, पण ते जास्त झाले तरी घातकच असते.

पिल्लांना रोज आणि प्रौढांना दोन-तीन दिवसांआड खायला द्यावे. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. मेणकिड्याच्या अळीत सुमारे एक चतुर्थांश चरबी असते. ती गेकोला फार आवडते आणि तिची चटक लागली की तो दुसरे काही खात नाही, म्हणून ती क्वचितच द्यावी. मुख्य आहार रातकिडे किंवा खाद्यासाठी वाढवलेली डुबिया झुरळे यांचा असावा आणि त्यात फेरपालट असावी. मराठवाड्यात, जालना-बीड भागात, रेशीमशेती चांगली रुजली आहे, आणि रेशमाची अळी हे गेकोसाठी मऊ, पचायला सोपे खाद्य आहे. तुतीवर फवारणी झालेली नाही एवढी खात्री मात्र शेतकऱ्याकडून करून घ्यावी. घरातली झुरळे कधीही देऊ नयेत, कारण बहुतेक घरांत कुठे ना कुठे झुरळांचे औषध लावलेले असते. अंगणातले नाकतोडे, दिव्याभोवतीचे पाखरू, सुरवंट हेही नकोत. आणि पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत काजवे पाहायला जाणाऱ्यांनी ते बाटलीत भरून गेकोसाठी आणू नयेत: अनेक काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि परदेशात पाळीव सरडे काजवे खाऊन मेल्याच्या नोंदी आहेत. पेटीत तळाला वाळू पसरू नये, विशेषतः ‘कॅल्शियमची वाळू’ म्हणून विकली जाणारी. कॅल्शियमची कमतरता असलेला गेको ती चाटत राहतो आणि त्याचे आतडे तुंबते. कागदी टॉवेल किंवा फरशी पुरेशी आहे.

विक्रेत्यांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की, गेको विकताना यूव्हीबी नळी, थर्मोस्टॅट आणि कॅल्शियमची भुकटी यांचा खर्च त्यांनी प्राण्याच्या किमतीआधी सांगावा. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने अशा प्राण्यांच्या निगेविषयी मराठीत एक छोटी पुस्तिका काढली, तर ती दुकानांत ठेवता येईल. आज पाळणाऱ्यांना बहुतेक माहिती इंग्रजीतच शोधावी लागते, आणि ती परदेशी हवामानासाठी लिहिलेली असते.

ज्यांच्या घरी आज लेपर्ड गेको आहे, त्यांनी त्याचा खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो का, चालताना पोट उचलले जाते का, बोटे थरथरतात का आणि किडा पकडताना नेम चुकतो का, हे आजच पाहावे. यांतले काहीही आढळले तर घरी भुकटी वाढवत बसू नये. मऊ झालेली हाडे औषधोपचाराने पुन्हा घट्ट होऊ शकतात, पण वाकलेली सहसा सरळ होत नाहीत, म्हणून दिवस मोलाचे असतात. दवाखान्यात येताना गेकोला छोट्या डब्यात कापडावर ठेवून आणावे. सोबत काचपेटीचा समोरून आणि वरून काढलेला फोटो, दिव्याचे खोके, नळी बसवल्याची तारीख, वापरात असलेल्या भुकट्यांच्या डब्या आणि शक्य असेल तर ताजी विष्ठा आणावी. एवढे हाताशी असले की पहिल्याच भेटीत क्ष-किरण तपासणी करून उपचार ठरवता येतात.

आपली नम्र,
एक पशुवैद्य, पुणे